बोटीला पाजलेली मक्कोली

सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी जांगसेंगपो बंदराबाहेर हायड्रोजनवर चालणारी प्रवासी बोट आपोआप बंद पडली. परवान्यासाठी तिला सलग सहा तास चालायचे होते. चार तास झाले होते.

बोटीवर डिझेल इंजिन नव्हते. फ्युएल सेल हायड्रोजनपासून वीज करत. धुराऐवजी मागच्या नळीतून पाणी पडे. पडद्यावर एकच शब्द होता: वायुगळती.

"गळती नोंदवली, तर सेल उतरवावे लागतील," परीक्षक बांग ह्येरिन म्हणाल्या. "बोट वर्षभर धक्क्याला."

मुख्य इंजिनिअर प्यो दोक्सू यांची बत्तीस वर्षे डिझेलच्या काळ्या तेलात गेली होती. या बोटीचा प्रत्येक सांधा मात्र त्यांनीच आवळला होता.

"माझा सांधा गळत नाही, मॅडम."

"दादा, सगळे असंच म्हणतात," कप्तान मिन जेगुन हसला. "धक्क्यावरचे तर आधीच हिला खेळणं म्हणतायत."

"तू गप सुकाणू धर."

प्योंनी साबणाचे पाणी लावून सगळे सांधे तपासले. कुठेही बुडबुडा आला नाही. मग त्यांनी हवेच्या जाळीमागचा वायुगळतीचा सेन्सर काढला. तो पांढरट, चिकट झाला होता. त्यांनी तो हुंगला आणि त्यांचे कान लाल झाले.

मक्कोली, तांदळाची दुधाळ दारू. निघण्यापूर्वी बोटीची पूजा त्यांनीच केली होती. हायड्रोजनजवळ ज्योत चालत नाही. मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, म्हणून मक्कोली त्यांनी जरा सढळ हाताने ओतली. ती डेकच्या पन्हळीत साचली आणि वळणावर बोट कलताच जाळीत उतरली. दारूच्या वाफेलाही तो सेन्सर फसतो.

गप्प राहिले असते, तर दोष सेलवर गेला असता.

"मी ओतली," प्यो म्हणाले. "लिहा माझं नाव."

"समुद्राला पाजायची ती बोटीलाच पाजलीत!" मिन ओरडला.

"नियम वाचले नव्हते?" बांगनी विचारले.

"आगीचे वाचले होते. दारूचा कुठे लिहिलाय?" मग ते ताठ झाले. "पण संशय आल्यावर किती वेळात बंद झाली?"

बांगनी नोंद पाहिली. "दीड सेकंद."

"बघा! माझ्या जुन्या डिझेलला निम्मं जळेपर्यंत कळत नसे."

नवा सेन्सर बसवला. बारा वीसला तेच सेल सुरू झाले आणि बोट स्वतःच्या ताकदीवर धक्क्याला आली. अहवालात बांगनी लिहिले: गळती नाही. चूक प्यो दोक्सू यांची. खाली प्योंनी ठसठशीत सही केली.

आधीचे चार तास धरायचे की पुन्हा शून्यापासून, हे मुख्य कार्यालय ठरवणार होते. संध्याकाळी सहापर्यंत उत्तर आलेले नव्हते.