तिघांचा बाक

मित्रांनो, मी शाळेतला एक जुना बाक आहे. या क्षणी माझ्यावर चौघं बसले आहेत. खोलीत मात्र कोणी नाही.

घाबरू नका. मी सागवानी आहे. थापा मारायला लागणारी हुशारी सागात नसते.

सुताराने मला तिघांसाठी बनवलं, शाळेने पाच जण कोंबले. मुलांनी कर्कटकाने माझ्यावर नावं कोरली. शाबासकी नेहमी वर बसलेल्याला मिळाली. छडी चुकली की मला. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी जिन्याखाली गेलो.

त्याच वर्षी आमच्या वर्गाच्या बाई निवृत्त झाल्या. निरोपाला त्यांना घड्याळ दिलं. त्या म्हणाल्या, "घड्याळ आहे घरी. तो बाक द्या." मुख्याध्यापक विनोद समजून हसले. संध्याकाळी हातगाडी आली.

बाई मुलांसाठी गोष्टी लिहीत. गोष्ट झाली की माझ्यासमोर उभ्या राहून मोठ्याने वाचत. कंटाळवाणी जागा आली की मी कुरकुरे आणि बाई ते वाक्य खोडत. समीक्षक त्यांच्या गोष्टींना 'ओघवत्या' म्हणू लागले. श्रेय माझं नाही. लाकूड आपणहून कुरकुरत नाही, मित्रांनो. त्याला वजन लागतं.

माझ्यावर अजून बसलेली ती तीन मुलं मेलेली नव्हती, ती शंका काढून टाका. मोठी होऊन त्यांची झालेली माणसं धडधाकट होती. एक दातांचा डॉक्टर, एक ठेकेदार. माणूस घाईघाईने मोठा होतो, मागे काय राहिलं ते बघत नाही. ते माझ्यावर राहिलं होतं. दाराकडचा तर बाईंचा भाचाच. वर्गात झोपायचा, म्हणून सगळे त्याला डुलक्या म्हणत. मोठा डुलक्या विमा कचेरीत साहेब झाला. धाकटा अजून शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टाकत होता.

शेवटच्या आजारात बाईंना एकच घोर होता. "मी गेल्यावर यांना कोण वाचून दाखवणार?"

"कुणाला, आजी?" नर्सने विचारलं.

"या कार्ट्यांना."

नर्सने ताप पाहिला. ताप नव्हता.

बाई गेल्या. अर्धी गोष्ट टेबलावर राहिली. खोलीला कुलूप लागलं आणि तिघं हाताची घडी घालून वाट पाहत बसले. एवढी शिस्त मी शाळेत कधी पाहिली नव्हती. मला भीती वाटली ती त्या शिस्तीची.

मग एका दुपारी मोठा डुलक्या सुताराला घेऊन आला.

"लाकूड दणकट आहे, साहेब. चपलांचं कपाट होईल झकास."

"करून टाका. आजच न्या."

सुताराने मला एका बाजूने उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "एवढंसं बाकडं, आणि इतकं जड?"

"साग आहे हो."

"साग मी रोज उचलतो, साहेब." तो माझ्याकडे बघत राहिला. "गाडी घेऊन येतो," म्हणाला आणि गेला. त्याची मापाची पट्टी इथेच राहिली. परत न्यायलाही आला नाही.

डुलक्या वाट बघत टेकला. सगळा बाक रिकामा दिसत असूनही अगदी टोकावर, अंग चोरून. टेबलावरचे कागद ओढून मनातल्या मनात वाचू लागला. मी कुरकुरलो.

"मोठ्याने?" त्याने विचारलं. कुणाला विचारलं, ते त्यालाही कळलं नसावं. पण तो मोठ्याने वाचू लागला.

दुसऱ्या पानावर त्याच्या खांद्यावर कुणीतरी डोकं टेकलं. त्याने वळून पाहिलं नाही. फक्त खांदा जरा खाली केला, झोपणाऱ्याला बरं पडावं म्हणून.

कागद संपले. तेवढ्यात भिंतीकडच्या टोकावर नवं वजन आलं. मोठ्या माणसाचं, खडूच्या वासाचं. तिघंही सरकले. डुलक्या पडता पडता वाचला.

"पुढे लिहिलेलंच नाहीये, आत्या," तो भिंतीकडे बघत म्हणाला.

मी कुरकुरलो. चौघांच्या वजनाने.

"बरं, बरं. सांगतो."

आता तो रोज कचेरीतून इथे येतो, "सरका रे" म्हणतो आणि टोकावर बसतो. गोष्टी सुमार सांगतो. कुरकुरून माझे सांधे ढिले झाले आहेत. पण कुणी उठून जात नाही.

तेव्हा मित्रांनो, जुनं सामान काढण्यापूर्वी एकदा स्वतः उचलून बघा. हलकं लागलं तर खुशाल द्या. जड लागलं, तर हळूच खाली ठेवा आणि काहीतरी वाचून दाखवा. तुमचंही कुणीतरी कुठेतरी हाताची घडी घालून बसलेलं असेल.