हरली की घरी येते

लोकेंद्रच्या अंगाला हळद लागली तेव्हा त्याची नवरी कोलकात्यात बुटांच्या नाड्या बांधत होती. असं कुठं होतं का, असं विचाराल तर झालं खरं, आणि झालं ते शहाण्या माणसांच्या शहाणपणानं.

रविता नवेगाव बांधची. उन्हाळ्यात तलावाचं पाणी मागं सरकतं आणि उघडी पडलेली जमीन वाळून टणक होते, तिथं पोरांच्या मागं धावत धावत ही फुटबॉल शिकली. शिकता शिकता नागपूरच्या मुलींच्या टीममध्ये जाऊन बसली. सोयरीक ठरली आणि टीमला राष्ट्रीय चषकाचं बोलावणं आलं. बाद पद्धतीची स्पर्धा, हरलं की घर. "पयल्याच मॅचले हरून घरी येतो आमी," असं रविताच हसत हसत म्हणाली. तेवढ्या बोलण्यावर तिचे वडील केवलराम आणि लोकेंद्रचे वडील ग्यानीराम या दोघांनी ज्येष्ठातला शेवटचा मुहूर्त धरून टाकला. पोरीच्या जिंकण्यावर पैजा लावणारे बाप असतात. हे दोघं हरण्यावर निर्धास्त होते.

पोरी पहिली मॅच जिंकल्या. दुसरीही जिंकल्या. इकडं मांडवावर जांभळीच्या डहाळ्या चढल्या, पत्रिका वाटून झाल्या, आणि तिकडं पोरी हरायचं नाव घेईनात. उपांत्य सामन्याच्या सकाळी ग्यानीराम म्हणाले, "आज बंगालसंग हाय. आज तं हरतेच. लावा हरद." बायांनी गाणी म्हणत लोकेंद्रला नखशिखांत पिवळा केला आणि उष्टी हळद नवरीच्या घरी पोचती केली. संध्याकाळी केवलराम मोटारसायकलवर आले ते तोंड पाडूनच. "जिंकली जी," एवढंच म्हणाले आणि खाटेवर बसले.

आता पेच असा. अंतिम सामना उद्या, लग्न परवा गोरज मुहूर्तावर. उद्या पोरी हरल्या तर रविता रात्रीची गाडी धरून परवा दुपारी गोंदियाला उतरणार आणि लग्न वेळेवर लागणार. जिंकल्या तर टीम तिथूनच दिल्लीला, महिनाभराच्या शिबिराला. मग चातुर्मास लागला की थेट कार्तिकापर्यंत मुहूर्त नाही. गावातले म्हातारे बिसराम म्हणाले, "नवरदेव नसता तं त्याची कट्यार पाठवली असती आपून, जुने लोक तसे करत. नवरीच्या जागी का पाठवाचं?" ग्यानीराम ठाम होते. "परवा नवरी नाही आली तं हरद धुवाची. अना हरद धुतली का सोयरीक सुटली."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, पाहुणे मांडवात आडवे झाले, आणि लोकेंद्र हातात कट्यार घेऊन गावाच्या शिवेवर जाऊन बसला. हळद लागलेल्या नवरदेवानं शीव ओलांडायची नसते, बाहेरचं काही झपाटतं म्हणतात, म्हणून तो शिवेच्या दगडाच्या अलीकडं मोहाच्या झाडाच्या सावलीत टेकला. ऊन असं होतं की समोरची धानाची रिकामी बांधी पाण्यासारखी हलत होती. अंगाला हळदीचा आणि तेलाचा वास येत होता. डोळे जड झाले आणि समोरची बांधी हळूहळू नवेगावचा तलाव झाली. मागं सरकलेलं पाणी, मधे धूळ, धुळीतून धावत येणारी रविता. चेंडू जमिनीला टेकतच नव्हता, तिच्या पायापुढं नुसता तरंगत होता. ती जवळ येत होती, येतच होती, पण पोचत नव्हती. लोकेंद्रला वाटलं, हात लांब केला तर सापडेल. त्यानं हात लांब केलासुद्धा.

तिन्ही मॅचच्या वेळी तो गावदेवी मातामायच्या ठाण्यावर जाऊन आला होता. एकच मागणं, हरू दे, घरी येऊ दे. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची लाजच वाटत होती त्याला.

केवलरामांच्या आवाजानं तो जागा झाला. गावात मोबाइलला रेंज नव्हती, ती शिवेपलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या उंच बांधावर मिळायची. कालपासून इथंच थांबलेले सासरेबुवा तिथं उभे राहून फोन कानाला लावून सामना ऐकत होते आणि अलीकडं बसलेल्या जावयाला ओरडून सांगत होते. तिकडून सांगणारी होती रुचि, टीममधलीच, पाय मुरगळून बाकावर बसलेली.

"एक-एक झाली, जवाई." मग ते धुऱ्यावर येरझाऱ्या घालू लागले. वाऱ्यानं मोहाची पानं हलली. "टाइम सरला. पेनल्टी हाय म्हनते. पाचवी आपल्या रविताची." केवलरामांनी फोन छातीशी धरला आणि हळूच पुटपुटले, "हुकू दे माय, एवढी हुकू दे."

लोकेंद्रनं मान फिरवली. आपल्या मनातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की ती किती क्षुद्र वाटते.

तेवढ्यात केवलरामांनी हात हलवला. "जवाई, रविता बोलावून राहिली तुमाले. फोन तिकडं आनला तं कटते."

लोकेंद्र उठला आणि गेला. फोन कानाला लावला. पलीकडं गर्दीचा आवाज होता आणि त्यात रविताची धाप.

"तुमीबी माह्या हरन्याचं मांगून राहिले ना?" तिनं विचारलं. बापाचं पुटपुटणं फोनमधून तिकडं ऐकू गेलं असावं. आवाजात राग नव्हता.

"हो," लोकेंद्र म्हणाला. "तिन्ही मॅचले मांगलो. तू घरी याव म्हनून."

"मंग आता का करू?"

चेंडू बाहेर गेला, ती उद्या उतरली, उद्याच लग्न लागलं, सगळं त्याला दिसलं. आणि मग वर्षामागून वर्षं चुलीपुढं बसलेली रविताही दिसली, तो चेंडू अजून बाहेर जाताना पाहणारी.

"मार," तो म्हणाला. "चुकवून आलीस तं मी तुह्या तोंडाकडं कसा पाहू?"

"अना कार्तिक?"

"कार्तिकाचं मी पाहतो."

फोन पुन्हा रुचिकडं गेला. पहिल्या चार कधी झाल्या ते लोकेंद्रला कळलं नाही. मग फोनमध्ये एक मोठा कल्लोळ उठला, त्यात रुचि रडत होती का हसत होती ते समजेना, आणि केवलराम धुऱ्यावरच बसले. "मारली," ते म्हणाले. "मारली माह्या पोरीनं." हुकू दे म्हणणारा हाच माणूस, आता टॉवेलात तोंड खुपसून हुंदके देत होता.

लोकेंद्र वळला तेव्हा शिवेच्या दगडाजवळ त्याची माय उभी होती. धनवंता त्याच्यासाठी पाणी घेऊन आली होती, आणि तिचा हळद लागलेला पोरगा शिवेबाहेर उभा होता.

"लोकेंद्र, कुठं उभा हायेस तू?"

त्यानं पायाखाली पाहिलं. परत आत जाता आलं असतं. तो गेला नाही.

"माय, तुही सून जिंकली."

सून म्हणाला होता तो, आणि अजून तर मंगलाष्टकंही झाली नव्हती. "तुहे बाबूजी सोयरीक सुटली म्हनतील," धनवंता म्हणाली.

"म्हनू दे. मी कार्तिकापर्यंत थांबतो. अना बाबूजी नाही आले तं एकटा उभा राहतो मांडवात."

धनवंतानं तांब्या दगडावर ठेवला. पदर खोचला, शीव ओलांडून पोराजवळ आली आणि त्याच्या कपाळावरची घामानं ओघळलेली हळद पुसली. मग केवलरामांकडं वळली.

"एकटा कायले? मी हावो ना. लावा तिले फोन. सासू बोलून राहिली म्हना. कार्तिकात नवी हरद मीच कुटतो, पन आता मॅच पाहून मंगच तारीख धराची."

केवलरामांनी डोळे पुसले आणि नंबर शोधायला लागले.