दुफ्रेनशेजारची जागा

मेरिलने गुडघ्यावर बसून अँसेलच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली आणि मगच दफनभूमीच्या ऑफिसचे दार ढकलले. अँसेल अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. कोरियाच्या लढाईत त्याने जखमींना खांद्यावरून वाहून आणले होते. आता चार पायऱ्या चढूनही त्याला धाप लागली.

मॅसॅच्युसेट्स राज्याने माजी सैनिकांसाठी राखलेल्या या जमिनीत सैनिकाशेजारी जोडीदारालाही जागा मिळे. पाच वर्षांपूर्वी, २००४ साली, राज्याने दोन पुरुषांच्या लग्नाला मान्यता दिली, त्याच उन्हाळ्यात या दोघांनी लग्न केले होते.

टेबलामागच्या कोलेट फेही बाईंनी चष्मा काढला.

"राज्यानं तुमचा अर्ज मंजूर केला होता. पण आता वॉशिंग्टनहून केंद्र सरकारचं पत्र आलंय. ही दफनभूमी बांधायला पैसा त्यांनी दिला. त्यांच्या कायद्यात नवरा म्हणजे बाईचा नवरा. मेरिलना इथं पुरलं तर दिलेला पैसा परत मागतील."

"म्हणजे फाटकाबाहेर मी याचा नवरा, आणि आत आलो की कोणीच नाही?" मेरिलने विचारले.

"जमीन आमची, पैसा त्यांचा. भांडण कोर्टात जाणार. निकाल कधी लागेल, देव जाणे." बाईंचा आवाज खाली आला. "आज फक्त अँसेल यांची जागा पक्की करता येईल."

"करून टाका," मेरिल लगेच म्हणाला. "माझं काय, मला कुठंही पुरा."

"तू गप्प बस. बाई, माझं नाव खोडा."

"अरे, वेडबिड लागलंय का तुला? इतकी वर्षं ऐकतोय, मेल्यावर दुफ्रेनशेजारी झोपायचंय, दुफ्रेनशेजारी झोपायचंय!"

"दुफ्रेन घोरायचा."

"मी पण घोरतो."

"तुझ्या घोरण्याची सवय झालीय," अँसेल म्हणाला. "कोरियात त्याच्या तंबूत मी दोन वर्षं झोपलो. तुझ्याजवळ अडतीस."

बाईंनी पेन उचलले, पुन्हा खाली ठेवले. "'मला नवऱ्यापासून लांब पुरा' म्हणणाऱ्या बायका पुष्कळ बघितल्यात मी," त्या हसत म्हणाल्या आणि रुमाल शोधू लागल्या. मग त्यांनी अर्जावर हळूच एक रेघ ओढली.

बाहेर ऊन होते. अँसेल गाडीकडे न वळता पांढऱ्या दगडांच्या रांगांमधून चालू लागला. मेरिल नेहमीसारखा दोन पावले मागे राहिला. लष्करातल्या दोस्तांसमोर अँसेल त्याची ओळख 'आमचे भाडेकरू' अशीच करून द्यायचा, आणि मेरिल मान डोलवायचा. लग्नानंतरही ते तसेच चालू होते.

दुफ्रेनच्या दगडापाशी अँसेलने टोपी काढली. हात मागे करून त्याने मेरिलची बाही चाचपली आणि त्याला पुढे ओढले.

"दुफ्रेन, मी काही इथं येत नाही. हा मेरिल. माझा नवरा."

दोन रांगांपलीकडे फुले ठेवणाऱ्या म्हातारबुवांनी मान वर केली. त्यांच्या डोक्यावर लष्कराची जुनी टोपी होती.

"हळू बोल," मेरिल पुटपुटला.

अँसेलने टोपीवाल्याकडे पाहिले, घसा खाकरला आणि तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितले.