माझा म्हणायचं

सासूबाईंनी चेंडू झेलला, छातीशी धरला आणि आधी सुनेला विचारलं,

"पायाला लागलं नाही ना गं?"

"आई, गोलकीपर असं विचारत नाही!"

"का? गोलकीपरला माया नसते?"

सून हसू दाबत पुन्हा मागे गेली. हॉस्पिटलच्या लाँड्रीमागचं हे मैदान म्हणजे चादरी वाळत घालायची जागा. खांबांमधली दोरी सोडली की गोल तयार. दोघी त्याच लाँड्रीत कामाला. तिथल्या बायकांचा संघ सुनेनंच उभा केला होता आणि गोलकीपर बाईचं मनगट मोडल्यावर तिनं सासूबाईंना न विचारताच त्यांचं नाव लिहून टाकलं. पंचवीस वर्षं गाडीवरून फेकलेली गाठोडी झेललेले हात, त्यांना काय शिकवायचं, असं तिला वाटलं होतं.

हातांना फारसं शिकवावं लागलंही नाही. बोटं पसरायची, अंगठे चेंडूच्या मागे जवळजवळ आणायचे, अंग चेंडूसमोर न्यायचं. दोन संध्याकाळींत जमलं. सरपटत आलेल्या चेंडूला हातांमागे गुडघा टेकवायचा, तेही कुरकुरत जमलं. घोडं पेंड खात होतं ते एका शब्दापाशी.

"उंच बॉल आला की पुढं यायचं आणि ओरडायचं, 'माझा!' म्हणजे आम्ही बाजूला होतो. नाहीतर दोघी धडकतो."

"बरं."

सुनेनं चेंडू उंच उडवला आणि स्वतःच त्याच्याखाली धावली. सासूबाई दोन पावलं पुढं आल्या आणि तिला बघून थबकल्या.

"घे, घे, तू घे."

चेंडू दोघींच्या मधे पडला आणि उड्या मारत गोलात गेला.

"आई!"

"अगं, तू एवढी धावत आली होतीस."

घरीही हेच. खिडकीजवळची जागा, पंख्याखालची खाट, पेपरचं पहिलं पान, सगळ्याला त्यांचं 'घे तू' ठरलेलं. गेल्या आठवड्यात थोरल्या मुलाचा फोन आला. त्यानं नवं मोठं घर घेतलं होतं, शाळेतून आल्यावर मुलांकडं बघायला कुणी नव्हतं. रविवारी येतो, आईला घेऊन जातो, आता कायमची तिकडंच राहू दे. त्यालाही त्या "तू म्हणशील तसं" म्हणाल्या. धाकटा, म्हणजे सुनेचा नवरा, गप्प बसला. थोरल्यापुढं तोंड उघडायची त्याची टाप नव्हती. आणि सुनेला तर त्या जायलाच नको होत्या. रोज सकाळी कामावर जाताना शेजारून चालणारं, सगळ्या जगाला नावं ठेवून तिला हसवणारं ते माणूस तिला हवं होतं. पण मुलाच्या हक्कापुढं सुनेनं काय बोलावं?

तिनं चेंडू उचलला.

"आई, तुम्हाला जायचंय का दादांकडे?"

सासूबाईंनी पदर खोचला.

"टाक बॉल. अंधार पडेल."

रविवारी सकाळी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या बायकांशी सामना झाला. सासूबाईंनी सहा चेंडू अडवले. शेवटच्या मिनिटाला एक उंच चेंडू आला, सून त्याच्याखाली धावली, मागून "घे तू" असं हळूच ऐकू आलं आणि लाँड्री एका गोलनं हरली. बायका पोट धरधरून हसल्या. सासूबाई मात्र घरी येईपर्यंत आपल्या हातांकडंच बघत होत्या.

दुपारी थोरला गाडी घेऊन आला. पाणी पिऊन झालं, इकडचं तिकडचं बोलून झालं. सासूबाईंची बॅग कालपासून दारात भरून ठेवलेली होती.

"चला, निघू या," म्हणत थोरला बॅगेकडं वळला. त्याला कशाला त्रास, म्हणून सूनही पुढं झाली. दोघांचे हात एकदमच बॅगेपाशी पोचले.

"माझी!"

शेजारची खिडकी उघडली. थोरला दचकून उभा राहिला. सून केव्हाच बाजूला झाली होती. तेवढं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं.

सासूबाई दोन पावलं पुढं आल्या, गुडघा टेकवला, बोटं पसरून बॅग उचलली आणि छातीशी घट्ट धरली.

"आई, जड आहे गं. मी ठेवतो ना गाडीत."

"गाडीत नाही ठेवायची. सुट्टीत मुलांना पाठव इकडं, मी बघेन."

थोरल्यानं धाकट्याकडं पाहिलं. धाकटा या वेळीही गप्प बसला, पण मान खाली घातली नाही.

सासूबाई बॅग घेऊन आत गेल्या, खिडकीजवळच्या जागेवर ठेवली आणि सुनेकडं वळून कानात विचारावं तसं विचारलं,

"फार जोरात झालं का गं?"

सुनेनं हसत नाही म्हणून मान हलवली.