अकरा नंबरचा डबा

कौसाबाई गेली, हे मला दुपारी कळले. घर माणसांनी भरले होते आणि सकाळी आणलेली मुगाची उसळ घेऊन मी ओट्यावर तसाच बंद होतो.

मित्रांनो, मी ॲल्युमिनियमचा डबा आहे. आता जुना झालो. उल्हासनगरच्या एका लहान कारखान्यात घडलो आणि बदलापूरला शिरगावात शंकररावांच्या हॉटेलात आलो. पूर्वी ते पार्सलचा रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत ओतून दोऱ्याने बांधून देत. त्या पिशव्यांनी गटारे तुंबली, तेव्हा पालिकेने त्यांवर बंदी आणली. गिऱ्हाईक घरून भांडे आणीना. पार्सल निम्म्यावर आले. मग शंकररावांनी चोवीस डबे घेतले, त्यांवर नंबर कोरले आणि विश्वासावर द्यायला लागले. मी अकरावा.

कौसाबाईने मला कधी रिकामा परत केला नाही. कधी शेवग्याच्या शेंगा, कधी सांडगे.

"वहिनी, मी उसळ विकतो का तुमच्याकडून बाजार करतो?" शंकरराव हसायचे.

"रिकामा डबा देतात का, भाऊजी?"

आजारपणात तिला तीच उसळ दोन घास जायची. तिचा नवरा रघु रोज मला हॉटेलात नेऊन भरून आणायचा.

तेराव्यानंतर रघुने मला घासले, पुसले आणि दारापर्यंत नेले. तिथे झाकण उघडून पाहिले. आत घालायला घरात काहीच नव्हते. तो मागे फिरला. मग जितके दिवस गेले तितकी त्याची लाज वाढली.

महिन्याने शंकरराव भेटायला आले. त्यांनी मला फळीवर पाहिले. चहा घेतला, पण डब्याबद्दल बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

परवा शेजारच्या गोजरबाई दारातूनच ओरडल्या, "ऐकलंत का रघुभाऊ? शंकररावानं पार्सल बंद केलं! चोवीसातले पाच डबे उरले म्हणे. लोकं पण ना, हलकट मेली! आमच्या म्हाताऱ्याला पायरी उतरवत नाही, त्याला आता उसळ कुठून आणू?"

"हो ना," रघु म्हणाला आणि त्याने मला पिठाच्या डब्यामागे सरकवले.

मित्रांनो, त्या हलकटांत आमचे घरही आले. तुमच्या घरी कुणाचा डबा राहिला असेल, तर रिकामा द्या, पण द्या.

रघुने मला अजून परत दिलेले नाही.