पूजेचा मुकटा

हरी मास्तरांची पाचवी बदली व्हायची की टळायची, हे काचेच्या एका नळीवर येऊन ठेपलं होतं. शाळा तपासणारे डिपोटी गेल्या खेपेला बजावून गेले होते: विजेचा नवा धडा मुलांना करून दाखवा, नाहीतर घाटावरच्या शाळेत जायची तयारी ठेवा. मास्तरांच्या बायकोला, इंदूबाईंना, आता कुठेच जायचं नव्हतं. चार गावांत चार संसार मांडून मोडले, आता पाय थकले होते. भिसेगावच्या परसात त्यांनी फणस लावला होता आणि त्याचा गरा खाऊनच डोळे मिटायचे, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

काच घासायला रेशीम लागे. घरात रेशीम एकच, मास्तरांचा पूजेचा मुकटा. सोवळ्याचं वस्त्र शाळेत जाणार म्हणून बाईंनी आठ दिवस धुसफूस केली. मास्तर रोज संध्याकाळी तो धडा त्यांनाच तोंडी समजावीत. घासलेली काच कागदाचे कपटे ओढून घेते, आणि अशा दोन काचा शेजारी टांगल्या तर एकमेकींना दूर लोटतात.

"जावांसारख्या!" बाई हसल्या, आणि तिथेच विरघळल्या.

तपासणीच्या दिवशी, साहेबांपुढे वस्त्र स्वच्छ हवं म्हणून त्यांनी पहाटेच्या थंडीत मुकटा धुतला, चुलीजवळ धरला आणि घडी करून दिला.

दुपारी मास्तर परतले ते नळी आणि मुकटा बाजूला ठेवून ओटीवरच बसले. "कपटे हलले नाहीत गं. घासून घासून हात भरून आले. महिनाअखेरीस निघायचं."

बाईंनी मुकटा उन्हात टाकला. उन्हं कलल्यावर त्यांनी स्वतःच तो काचेवर घासला. कपटे टुणकन उडाले आणि नळीला चिकटले. बाई नळी हातात घेऊनच ओटीवर आल्या.

"अहो, सकाळी हा ओला होता का?"

"दमट होता. घडी उलगडताच हाताला कळलं. अशाने काचेत वीज येत नाही."

"मग साहेबांना सांगायचंत ना!"

"चारचौघांत काय सांगू, बायकोने धुतला म्हणून? म्हटलं, माझाच हात चुकला." मास्तरांनी दमून डोळे मिटले. "कोरडा लागतो, हे तुला सांगायचं मीच विसरलो."

बाईंना रडू कोसळलं. रडत रडतच त्या परसात गेल्या. फणसाला पाणी घालायचं राहिलं होतं. त्यांनी रोजच्यापेक्षा दोन तांबे जास्तच घातलं.