वुई म्हणजे कोण

इंग्रजी शिकायची रफूबाईंना हौस कधीच नव्हती. हौस म्हणाल तर सुईदोऱ्याची आणि बोलण्याची. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात दारालगतच्या कोपऱ्यात त्यांचं मशीन होतं. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कोपरावर विरलेला कोट रफू करणं ही त्यांची कामं, आणि ती करता करता गिऱ्हाइकाच्या घरची खबरबात काढून घेणं हे वरकाम. रफू असा करत की कापड कुठे फाटलं होतं ते ज्याचं त्यालाही सापडू नये. त्यावरून लोकांनी रफूबाई म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव कागदोपत्रीच उरलं.

दिवसभर तोंडाची टकळी चालवणारी ही बाई संध्याकाळी घरी आली की मुकी होई. त्याला कारण सून. सून दुसऱ्या भाषेची. मुलाशी तिची ओळख नोकरीत झाली, बोलणं इंग्रजीत झालं, प्रेमही इंग्रजीतच जमलं, मग संसार तरी आणखी कोणत्या भाषेत होणार? सून वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर सून म्हटलं की वाचणारा बाह्या सरसावून बसतो. सासूचे पाय दुखायला लागले की गरम पाण्याची पिशवी न मागता आणून द्यायची. पण जेवायला बसलं की मुलगा, सून आणि चार वर्षांची नात, जिला रफूबाई चिमणी म्हणत, अशा तिघांचं इंग्रजी ताटांवरून भराभर इकडून तिकडे जाई, आणि रफूबाई हसणाऱ्यांकडे बघून हसत. एकदा चिमणीने मध्येच घास थांबवून त्यांच्याकडे बोट दाखवत काहीतरी विचारलं. मुलाने घाईने तिचा हात खाली केला. काय म्हणाली रे, असं विचारलं तर म्हणाला, काही नाही, तू जेव.

काय विचारलं असेल ते कळायला इंग्रजी लागत नव्हतं. आजी न कळता का हसते, हेच. दुसऱ्या दिवशी रफूबाईंनी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या वर्गात नाव घातलं. आपल्याच घरात पाहुण्यासारखं बसायचं नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

वर्ग घेणारे सर निवृत्त झालेले होते, मराठीतूनच शिकवत, आणि रागवायचं तर जणू विसरूनच गेले होते. विद्यार्थी सगळे पिकल्या केसांचे. रफूबाईंच्या शेजारी एक फुलवाली बसायची. तिला परदेशी गिऱ्हाइकांशी घासाघीस करायची होती, म्हणून ती आली होती. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. शाळेत घोकून विसरलेली ही मंडळी इतक्या वर्षांनी परत भेटली. रफूबाईंनी आपल्या सोयीने त्यांची ओळख ठेवली. नाम म्हणजे कापड. विशेषण म्हणजे त्याचा रंग. क्रियापद म्हणजे शिलाई, ती घातली नाही तर वाक्य हातात घेताच सुटं होतं. शब्दयोगी अव्ययाशी मात्र त्यांचं शेवटपर्यंत पटलं नाही. मराठीत 'घरात' म्हटलं की तो 'त' कसा गुपचूप घराच्या मागे शिवलेला असतो. इंग्रजीत 'इन' पुढे आणि घर मागे. आधी खिसा कापायचा आणि मग शर्ट, ही कुठली पद्धत, असं त्या सरांनाच विचारत.

सर्वनामांच्या दिवशी सरांनी फळ्यावर लिहिलं, आय. आय म्हणजे मी. रफूबाईंना हसूच फुटलं. सुनेला मराठीतला एकच शब्द येत होता, आई, आणि तोही तिच्या तोंडून 'आय' असाच बाहेर पडे. म्हणजे माझी सून मला 'मी' म्हणून हाक मारते, असं त्यांनी वर्गाला सांगितलं. फुलवाली म्हणाली की एवढा मान जगात कुठल्या सासूला मिळाला नसेल. मग यू आला. तू, तुम्ही, सगळ्यांना एकच यू. साहेबाला आणि मांजराला एकच का, असं फुलवालीने विचारलं, आणि सरांनी मान डोलावली.

मग वुई आला, आणि रफूबाईंनी हात वर केला.

"सर, वुई म्हणजे आम्ही, की आपण?"

सर खडू हातात धरून थांबले. त्यांनाही प्रश्न आवडलेला दिसला. आपण जाऊ म्हटलं तर ऐकणारा आपल्याबरोबर असतो, आम्ही जातो म्हटलं तर तो मागे राहतो, हे त्यांनी नीट उलगडून सांगितलं. इंग्रजीत हा फरकच नाही, दोघांना मिळून एकच वुई. कोण आत आणि कोण बाहेर, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

"बरं आहे की," रफूबाई म्हणाल्या, "म्हणजे इंग्रजीत माणसाला बाहेर ठेवायची सोयच नाही."

सर हसले आणि पुढच्या सर्वनामाकडे वळले.

घरी चालत येताना रफूबाईंना मुलाचं लहानपण आठवत राहिलं. नवरा फार लवकर गेला. तेव्हापासून घरात दोघंच, आणि दोघांचं सगळं आपण. आपण जेवू, आपण झोपू, आपण आता रडायचं नाही. पोराला दुसरा शब्द माहीतच नव्हता. शेजारची मुलं खेळायला बोलवायला आली की चपला उलट्या घालून दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "आई, आपण खेळायला चाललो." त्या त्याची हनुवटी धरून सांगायच्या, "आपण नाही रे राजा, मी कुठे येतेय? आम्ही म्हण. ओठ मीट आणि म्हण, आम्ही." तो 'आमी' म्हणायचा आणि मग दारातच घुटमळायचा. आई या शब्दात नाही, हे त्याला आवडत नसे. तो शब्द त्याच्या तोंडी बसायला फार दिवस लागले.

पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी सून त्यांच्या शेजारी मटार सोलायला बसली. दोन शेंगा सोलल्या, हात पुसले आणि अगदी हळू, एकेक शब्द वेगळा ठेवत म्हणाली, "आय, वुई हॅव अ न्यू हाउस."

रफूबाईंनी वाक्य सरांनी सांगितल्यासारखं उसवून पाहिलं. वुई, सर्वनाम. हॅव, क्रियापद. न्यू, विशेषण. हाउस, नाम. आपलं नवीन घर आहे. आपल्याला नवीन घर मिळालं. कुणी भाषांतर न करता त्यांना कळलेलं सुनेचं ते पहिलं वाक्य, आणि ते असलं गोड. त्यांनी मटाराचे हात तसेच सुनेच्या गळ्यात टाकले. सूनही त्यांना बिलगली. दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दोघींना वाटलं की आपल्याला एकमेकींचं कळलं.

पुढचे दिवस रफूबाईंचे पाय जमिनीवर नव्हते. चालणाऱ्याला थांबवून सांगत होत्या. दुकानाच्या मालकाला त्यांनी सांगून टाकलं की घर फार लांब आहे, रोज येणं जमायचं नाही, दुसरी बाई बघा. मालकाने तोंड वाकडं केलं, पण चार दिवसांत बाई शोधली. फुलवालीने नव्या घरासाठी आतापासूनच एक कुंडी बाजूला ठेवली.

आणि त्यांनी पडदे शिवायला घेतले. किती खिडक्या, हे विचारायला त्यांनी मच आणि मेनी पुन्हा घोकलं आणि सुनेला बिनचूक विचारलं, "हाउ मेनी विंडोज?" सहा, असं सुनेने बोटांनी दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी मापंही आणून दिली. चिमणीच्या खिडकीला त्यांनी बारक्या पक्ष्यांचं कापड घेतलं. बाकीच्यांना साधं, जाड, ऊन अडवणारं. सहावी खिडकी सर्वांत अरुंद, मागच्या बाजूची. ती कोणत्या खोलीची विचारल्यावर सून म्हणाली होती, "स्मॉल रूम." छोटी खोली. म्हाताऱ्या बाईला आणखी किती मोठी लागते? त्या खिडकीसाठी त्यांनी फिका हिरवा रंग निवडला. कापडाच्या दुकानात दहा ठाणं उलगडायला लावली तेव्हा कुठे तो सापडला.

मुलगा मात्र त्या दिवसांत त्यांच्याशी एकदम इंग्रजीत बोलायला लागला. आयुष्यभर ज्याने आईशी मराठी सोडून अक्षर काढलं नव्हतं, तो सकाळी निघताना इंग्रजीत निघायचा आणि संध्याकाळी इंग्रजीत परतायचा. तुझी प्रॅक्टिस होईल, म्हणाला. रफूबाईंनी हे कौतुकाने वर्गात सांगितलं. आपण कधी जायचं रे, असं त्या मराठीत विचारत, तर तो म्हणे, "सून." सगळं सुनेवर ढकलतोस होय रे, असं म्हणून त्या हसत. तोही हसायचा आणि आंघोळीला निघून जायचा. त्यांच्या तोंडचा 'आपण' त्याने एकदाही दुरुस्त केला नाही. हे त्यांच्या ध्यानात यायला हवं होतं, पण आनंदात असलेल्या माणसाला कशाचं काय.

एका रविवारी दुपारी सून चिमणीला घेऊन बाहेर गेली होती. घरातल्या मशीनवर रफूबाई सहाव्या पडद्याची कड मुडपत होत्या. मुलगा आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "आई, वुई विल कम टू मीट यू एव्हरी संडे."

त्यांनी पाय थांबवला. चाक थोडं फिरून थांबलं.

प्रत्येक शब्द कळला होता. एव्हरी संडे, दर रविवारी. विल कम, येणार. कोण येणार, तर वुई. कुणाला भेटायला, तर यू. यू म्हणजे त्या. आणि ज्याला भेटायला जायचं तो भेटायला येणाऱ्यांत नसतो, हे कुणी फळ्यावर लिहून दाखवायला नको होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, शिकलेच नसते तर बरं झालं असतं. न कळता हसले असते.

मुलगा बोलत राहिला, खाली बघत, भराभर. यू हॅव युअर शॉप हिअर. यू हॅव युअर क्लास. यू हॅव युअर फ्रेंड्स. सगळी वाक्यं सोपी होती, पहिल्या महिन्यातली. दुकान तर त्यांनी सोडलं होतं, पण ते सांगायला त्यांना आता लाज वाटली.

"स्मॉल रूम," त्यांनी विचारलं. पुढचा शब्द आठवायला वेळ लागला. "हूज?"

"हर मदर्स," तो म्हणाला.

मदर या नामाला लागलेला तो स, सुनेच्या आईची खोली. तिची आई आजारी होती, एकटी होती, रफूबाईंना ते माहीत होतं आणि त्या बाईची दयाही येत होती. त्यांनी मांडीवरचा हिरवा पडदा सरळ केला. सुनेला वाटलं असणार, मुलाने आईला सगळं सांगितलं आहे. सासू समजून उमजून पडदे शिवते आहे, म्हणून त्या दिवशी तिचे डोळे भरले असणार. तिला दोष कसा द्यायचा? तिने खरं तेच सांगितलं होतं. ती बोलली त्या भाषेत दोघांना एकच शब्द होता. मुलाला मात्र दोन्ही येत होते. दोन्ही आईनेच शिकवले होते, म्हणून तर तो इतके दिवस मराठीच्या वाटेला गेला नव्हता.

"मराठीत सांग," त्या म्हणाल्या.

तो चौकटीवरून नख फिरवत राहिला.

"एकदाच सांग रे. मग मी विचारणार नाही."

त्याने तोंड उघडलं. "आई, आ..." म्हणाला आणि तिथेच अडला. आपण आणि आम्ही, दोन्ही शब्द तिथूनच निघतात. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. दारात तो तसाच घुटमळत होता, आणि रफूबाईंनी मशीनच्या फळीवर हात टेकला. राग यायला हवा होता. तो आला नाही. पोराला शब्द जमत नाही, एवढंच त्यांना दिसलं.

त्या उठल्या. त्याच्यापाशी गेल्या. हनुवटी आता पार वर होती, हात उंच करावा लागला.

"आपण नाही रे राजा," त्या म्हणाल्या. "मी कुठे येतेय?"

त्याने मान हलवली. डोळे वाहत होते.

"ओठ मीट," त्या म्हणाल्या, "आणि म्हण."

"आम्ही," तो म्हणाला.

या वेळी त्याचा उच्चार अगदी स्पष्ट होता. रफूबाईंनी त्याचा गाल पुसला, बरोबर, असं म्हणाल्या आणि परत मशीनवर जाऊन बसल्या. पडद्याची एक कड अजून मुडपायची राहिली होती.